भाकरीनंतरचे ओट्स

गणपतराव ओट्स खातात ही बातमी शिवाजी पेठेत पसरवायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणावर सोडलं नाही. तालमीच्या पायरीवर बसून ते स्वतःच सांगत, आणि सांगताना छाती पुढं काढत. तालमीला लागूनच त्यांचं घर; तिथं गवारी निवडत बसलेल्या त्यांच्या बायकोला, शालूबाईंना, ते सगळं ऐकू येई. छाती कसली, पोटच पुढं येतंय, असं त्या मनात म्हणत आणि एक शेंग जरा जास्तच जोरात मोडत.

नवऱ्याचा उजवा गुडघा बदलायचा होता. आधी साखर खाली आणा, मगच ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तोवर त्यांना खुर्चीतून उठवायचं, न्हाणीत न्यायचं, तालमीच्या पायरीपर्यंत पोचवायचं, परत आणून बसवायचं, हे सगळं शालूबाईंच्या गळ्यात. गणपतरावांनी तरुणपणी कुस्त्या मारल्या होत्या. त्यातलं कसब कधीच गेलं, वजन तेवढं राहिलं. त्या वजनाखाली शालूबाईंची कंबर पार कामातून चालली होती. सकाळी अंथरुणातून उठताना त्यांना आधी कुशीवर वळून भिंत धरावी लागे. ऑपरेशन आणखी लांबलं तर नवऱ्याच्या शेजारी आपलीही खाट पडणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

ओट्स आणले मुलानं. पृथ्वीराज शिरोली एमआयडीसीत फौंड्रीवर सुपरवायझर. डबा टेबलावर ठेवून म्हणाला, "आबा, ह्यात फायबर असतंय. साखर, कोलेस्ट्रॉल, दोन्हीला चांगलं." आणि शिफ्टला निघून गेला. किती खायचं, कसं खायचं, कशाच्या ऐवजी खायचं, हे सांगायला त्याला सवड नव्हती.

पहिल्या दिवशी शालूबाईंनी भाज्या घालून, पाण्यात शिजवून, वाटीभर ओट्स पुढं ठेवले. गणपतरावांनी चमचा बुडवून वर धरला.

"अगं, हे खायचं का ह्यानं पोस्टरं चिकटवायची?"

"खावा गप. भाकरीऐवजी हाय ते."

"ऐवजी?" गणपतरावांना तो शब्दच पसंत पडला नाही. "आधी भाकरी दे. मग खातो की तुझी खळ."

तेव्हापासून रीत पडली. दोन भाकऱ्या, मटण असेल तर तांबडा, पांढरा रस्सा, वर भात, आणि शेवटी ओट्सची वाटी. देवीला नारळ फोडावा तशी ती वाटी ते संपवत. पाप फिटलं. मग दुपारी साखरेचा चहा मागताना आवाजात जोर येई, "ओट खाल्लंय की मी!"

शालूबाईंनी सांगून पाहिलं, भांडून पाहिलं. "तू काय डॉक्टर हाईस?" एवढं एक उत्तर गणपतरावांकडं कायम तयार असे.

त्यात बाळासोंची भर. बाळासो म्हणजे तालमीतले जुने दोस्त. वय झालं तरी मोटारसायकल सुटली नव्हती आणि शहाणपण शिवलं नव्हतं. रोज संध्याकाळी ते तालमीतल्या पोरांकडून गणपतरावांना मागं बसवून घेत आणि गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेत. तिथं गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळतात आणि फेसाळतं दूध तसंच ग्लासात देतात. गणपतराव खिशातून ओट्सची पुडी काढून त्यात रिकामी करत.

हे शालूबाईंना कळलं ते बाळासोंच्याच तोंडून, आणि तेही कौतुकानं.

"वैनी, धारोष्ण दूध आन् वर ओट! साखरंची काय बिशाद हाय?"

"व्हय की," शालूबाई म्हणाल्या. "म्हशीलाबी चारा थोडं. तिची तरी उतरंल."

बाळासो मनापासून हसले. ते आपल्याला उद्देशून होतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

तपासणीचा दिवस आला. गणपतरावांना दवाखान्यात न्यायला शालूबाईंनी रिक्षा केली आणि आधाराला बाळासो बरोबर आले. डॉक्टर तेजस्वी यांनी रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढला.

"साखर वाढली आहे. खाता काय तुम्ही?"

गणपतरावांनी छाती काढून सगळं सांगितलं. भाकरीनंतरची वाटी सांगितली, कट्ट्यावरचं दूधही सांगितलं. काही लपवायचं असतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "ओट्स चांगलेच आहेत. त्यातल्या तंतूंमुळं साखर रक्तात सावकाश उतरते, कोलेस्ट्रॉलही थोडं कमी होतं. पण ते अन्न आहे, काका. अंगारा नव्हे. पोटभर जेवून वर खाल्लं तर तेवढं जास्तीचं जेवण झालं. आणि ग्लासभर म्हशीचं दूध हे आणखी एक. ऑपरेशन आत्ता नाही. तीन महिन्यांनी परत बघू."

तीन महिने. शालूबाईंचा हात आपोआप कंबरेवर गेला.

बाहेर बाकावर टेकल्यावर गणपतराव म्हणाले, "नवीन दिसतीया डॉक्टरीण. बाळासो, दुसरा बघूया." मग नेहमीसारखा त्यांनी बायकोपुढं हात केला, तिच्याकडं न बघताच. उठव.

शालूबाईंनी हात धरला नाही. पदर खोचला आणि बाळासोंकडं वळल्या.

"भावजी, उद्यापास्नं सकाळ-संध्याकाळ घरला यायचं. ह्यांना उठवायचं, न्हाणीत न्यायचं, परत आणून बसवायचं. तीन महिनं."

"मी?" बाळासोंचा चेहरा पडला. "वैनी, माझीबी कंबर आता..."

"ओट खावा की."

आणि त्या एकट्याच पुढं जाऊन रिक्षात बसल्या, सीटच्या मधोमध.