बाजूच्या बाकावरचं उत्तर

"तायडे कोन शे? मृणाली तायडेचं कोन आलंय इथं?"

फाटकाच्या आतून शिपायाने हाक दिली तेव्हा मी लिंबाखाली बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते. बारा वाजायला वीस मिनिटं कमी होती. दहावीच्या बीजगणिताचा पेपर अकराला सुरू झालेला. अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढलेल्या बाईला एवढं कळतं, की पेपर चालू असताना घरच्यांना आत बोलावतात ते दोनच कारणांनी. पोर चक्कर येऊन पडली, नाहीतर कॉपीत सापडली.

"मी आजी तिची. चक्कर आली का?"

"नाही हो अक्का, पोरगी ठणठणीत शे. जास्तच बोलतेय, म्हणून तर बलावलं." शिपायाचं नाव तोताराम, ते त्याच्या खिशावर शिवलेलं होतं. त्याने फाटक माझ्यापुरतं उघडलं आणि लगेच लावून घेतलं.

खरं म्हणजे त्या दिवशी मी तिथे असायलाच नको होते. मृणालीला प्रत्येक पेपरला फैजपूरला आणायचं काम माझी सून प्रज्ञा करत होती. आदल्या दिवशी तिला ताप भरला. मुलगा धम्मपाल दीपनगरच्या वीज केंद्रात, त्याची पहिली पाळी. राहिले मी. "आई, तुम्ही याल का?" असं प्रज्ञाने विचारलं ते इतकं हळू, की नाही म्हणायची मला लाज वाटली.

आमच्या घरातली मुलं शाळेत जात नाहीत. मृणाली सोळाची, धाकटा प्रशील चौदाचा. दोन हजार वीसमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा सगळ्यांचीच मुलं घरी बसली. पुढे सगळ्यांची परत गेली, आमची गेली नाहीत. धम्मपाल म्हणाला, "आई, दोन वर्षांत ही घरी जेवढं शिकली तेवढं तिकडे चार वर्षांत नव्हती शिकली." मी त्याच्याशी महिनाभर बोलले नाही.

मला शाळेत घालायला माझ्या मायने काय केलं ते मला माहीत. आमचं गाव धुळे तालुक्यातलं. वर्गात मला दाराजवळ बसवत, पाणी वरून ओतत. माय दिवसभर कापूस वेचायची आणि संध्याकाळी चुलीपुढे बसून एकच सांगायची, "बठ्ठं सोड माय, पन शाया सोडू नको." बाकी सगळं सोडलं, शाळा मी सोडली नाही. शिकले, शिकवलं, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. आणि माझ्याच मुलाने आपल्या मुलांचं नाव शाळेतून काढलं. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत कुणी विचारलं तर मी सांगत आले, नातवंडं भुसावळला शाळेत जातात. चार वर्षं सांगत आले.

घरी काय चालायचं ते मी बघायचे. बघितल्यासारखं मात्र दाखवायचे नाही. जेवायच्या टेबलावरून ताटं उचलली की वह्या यायच्या. धम्मपाल रात्रपाळी करून आला की आंघोळीआधी अर्धा तास मुलांना बॉयलरमधल्या वाफेचं काहीतरी सांगायचा, सांगतासांगता खुर्चीतच झोपायचा. एकदा दोघांनी सावली मोजून कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीची उंची काढली आणि ती बरोबर की चूक यावर दोन दिवस भांडत होते. सुपडूआबा म्हणून धम्मपालच्या मित्राचे वडील आहेत, त्यांच्या केळीच्या बागेत प्रशीलने ठिबकच्या नळ्यांतून एका झाडाला किती पाणी जातं ते बाटल्या लावून मोजलं. आबा म्हणाले होते, "हे पोट्टं माह्या केयीपेक्षा जास्त पाणी सांडते." तरी त्यांनी त्याचा कागद घरात खिळ्याला अडकवून ठेवला.

या घरात कुणी एकटं उत्तर काढत नाही. एकाचं झालं की तो विचारतो, माझं एवढं आलं, तुझं किती? उत्तरं वेगळी आली की दोघं मिळून चूक शोधतात. प्रज्ञाने त्यांना तशीच सवय लावली होती. मला तो गोंधळ वाटायचा.

खाजगी विद्यार्थी म्हणून मृणालीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला तेव्हा प्रज्ञा माझ्याकडे आली होती. "आई, हिला परीक्षेला बसायची सवय नाही. तुम्ही इतकी वर्षं परीक्षा घेतल्यात. वेळ कशी पुरवायची, कसं बसायचं, थोडं सांगाल का?"

मी पोळीला तूप लावत होते. म्हटलं, "एवढं सगळं तुम्हीच शिकवलंत, तर हेही शिकवा."

 ती पुन्हा कधी विचारायला आली नाही.

तोताराम मला केंद्रसंचालकांच्या खोलीत घेऊन गेला. टेबलामागे चौधरी सर, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. बाजूला पर्यवेक्षिका महाजन मॅडम, हातात मृणालीची उत्तरपत्रिका. भिंतीशी एक मुलगी रडत उभी होती. तिच्या शेजारी मृणाली. ती रडत नव्हती. काहीतरी समजलं नाही की तिच्या कपाळाला बारीक आठी पडते, तेवढी होती.

"बसा बाई," चौधरी सर म्हणाले. "तुमच्या नातीने पेपरात शेजारच्या मुलीला उत्तर विचारलं. मॅडमनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. ही नाकारतपण नाही."

"नाकारू कशाला? मी विचारलं," मृणाली म्हणाली.

"बघा." महाजन मॅडमनी हात उडवले. "घाबरणं नाही, काही नाही. वर मला म्हणते, एक मिनिट मॅडम, हिचं होऊ द्या."

"सर, मी काहीच सांगितलं नाही," भिंतीजवळची मुलगी हुंदके देत म्हणाली. "मी हिला ओळखतपण नाही."

"भूमिका काही बोलली नाही सर," मृणालीने लगेच सांगितलं. हॉल तिकिटावरून तिने नाव वाचून घेतलं असणार. "सभागृहातल्या खुर्च्यांचं गणित होतं. पहिल्या रांगेत अठरा, पुढे दोन-दोन वाढत जातात, तर तेविसाव्या रांगेत किती. माझं बासष्ट आलं. चौसष्टपण येऊ शकतं, कुठून मोजता त्यावर. म्हणून हिला म्हटलं, माझं बासष्ट आलं, तुझं किती? हिचं व्हायचं होतं. मी म्हटलं, तुझं झालं की सांग, मी थांबते."

महाजन मॅडमनी हातातली उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली. 

अशा पोरांना मी काय केलं असतं ते मला पक्कं माहीत होतं. उत्तरपत्रिका काढून घेतली असती, अहवाल लिहिला असता, आणि घरी जाऊन शांतपणे जेवले असते. माझ्या हातून तशी मुलं गेली आहेत. त्यांचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

"कोणत्या शाळेची ही?" चौधरी सरांनी विचारलं.

"खाजगी आहे सर, सतरा नंबर," महाजन मॅडम म्हणाल्या.

"ते दिसतंय. पण नापास होऊन बसलीय का? आधी कुठे होती?"

मृणालीने माझ्याकडे बघितलं. मी लोकांना काय सांगते ते तिला माहीत होतं. एकदा माझ्यासमोरच तिने एका बाईंना भुसावळच्या शाळेचं नाव सांगितलं होतं, केवळ माझं तोंड पडू नये म्हणून. आत्ताही मी जे म्हणेन त्याला ती मान हलवणार होती.

"कुठेच नव्हती," मी म्हणाले. "ही घरी शिकते. चौथी पास झाली, त्यानंतर शाळेत गेलेली नाही. तिचे आईवडील शिकवतात."

"आणि तुम्ही?"

"मी द्रौपदाबाई तायडे. जिल्हा परिषदेची निवृत्त मुख्याध्यापिका."

चौधरी सरांचा चष्मा कपाळावरून खाली आला. "मुख्याध्यापिकेची नात शाळेत नाही?"

"नाही. मला ते आवडलं नव्हतं. म्हणून मी तिच्या अभ्यासाकडे कधी वळून पाहिलं नाही." मी खुर्ची टेबलाजवळ ओढली. "सर, आमच्या घरी उत्तर आलं की दुसऱ्याला विचारायची रीत आहे. परीक्षेत विचारायचं नसतं, हे मोठ्या वर्गांत मुलांच्या अंगवळणी पडतं. ही त्या वर्गांत बसलीच नाही, आणि हिला कुणी सांगितलंही नाही. तिच्या आईने ते काम माझ्याकडे दिलं होतं. मी केलं नाही. चूक झाली ती माझ्या हातून."

"पण आधीच्या पेपरांना?" महाजन मॅडमनी विचारलं. "तेव्हा नाही बोलली ती?"

"भाषेच्या पेपराला काय विचारणार?" मृणाली म्हणाली. "ज्याचं त्याचं वेगळंच असतं."

महाजन मॅडम खिडकीकडे वळल्या. त्या हसू दाबत होत्या हे मला बाजूने दिसलं.

चौधरी सरांनी उत्तरपत्रिका उघडली, ते पान काढलं, बोट ठेवून वरून खाली वाचलं. मग भूमिकाची पत्रिका मागवली. तिच्यात त्या प्रश्नाचा नुसता क्रमांक घातलेला होता.

"पोरी, बोलायचं नाही हे आधी माहीत असतं तर बोलली असतीस?"

"नसते बोलले सर. पण मग बरोबर आलं की नाही, ते कधी कळतं?"

"निकाल लागला की."

"तो कधी?"

"दोन महिन्यांनी."

"आणि चूक कुठे झाली, ते सांगतात?"

चौधरी सरांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "नाही सांगत," ते म्हणाले. त्यांनी दोन्ही पत्रिका मिटल्या. "मॅडम, चिठ्ठी नाही, पुस्तक नाही, उत्तर घेतलेलं नाही, दिलेलं नाही. दोघींना तोंडी समज. भूमिका तिच्या जागेवर, हिला पहिल्या बाकावर एकटीला बसवा. आणि तू ऐक. यापुढे तुझा शब्द ऐकू आला तर मी तुझ्या आजीचं पण ऐकणार नाही. वेळ वाढवून मिळणार नाही."

"हो सर. सॉरी भूमिका."

"आता तेपण नको बोलू," असं म्हणत महाजन मॅडम तिला दंडाला धरून घेऊन गेल्या.

मी उठले. जिना नीट दिसत नव्हता. तोतारामने न विचारता माझी पिशवी घेतली. "अक्का, माझा नातू रोज शाळेत जातो," तो म्हणाला, "पन त्याने कधी कोनाला इचारलं नाही, तुझं किती आलं. त्याचं काहीच येत नाही ना."

मी हसले. किती दिवसांनी हसले कोण जाणे.

सव्वा वाजता मृणाली बाहेर आली. "दोन प्रश्न राहिले आजी. बाकीचं झालं. पास होईन." एसटीत ती खिडकीशी बसली, पुलावरून तापी दिसली तेव्हा म्हणाली, "तू आमच्याबद्दल खरं सांगितलंस."

"झोप आता," मी म्हटलं.

भूमितीच्या पेपराला मध्ये एक दिवस होता. सकाळी प्रज्ञाचा ताप उतरला, पण मी तिला उठू दिलं नाही. नाश्त्याची ताटं उचलली, टेबल पुसलं, दोन टोकांना दोन खुर्च्या ठेवल्या आणि प्रशीललाही बसवलं. "त्याची दहावी नाही आजी," मृणाली म्हणाली. "मग होईल तेव्हा मी असेन की नाही," मी म्हटलं. प्रश्न फळ्यासारख्या मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिले. घड्याळ लावलं. मान वर करायची नाही, बाजूला बघायचं नाही, शंका आली तर हात वर. आधी येतील ते प्रश्न, अडेल तिथे थांबायचं नाही. प्रज्ञा आतल्या खोलीतून पलंगावर बसून बघत होती.

त्या दोन तासांत मलाही नुसतं बसवेना. मी प्रशीलच्या वहीचं मागचं पान फाडलं आणि त्रिकोणाचं गणित घेतलं. दहावीची भूमिती मी अठ्ठावन्न वर्षांपूर्वी सोडवली होती. दोनदा खोडलं.

"वेळ संपली. पेन खाली."

दोघांनी पेनं खाली ठेवली. मृणालीने हात मांडीवर घेतले, ओठ मिटले आणि माझ्याकडे बघत राहिली. इतकी शिस्त तिच्या तोंडावर मी कधी पाहिली नव्हती, आणि ती मला फारशी आवडली नाही. मी कागद गोळा केले, नीट चळत लावली.

"आजी," तिने हात वर केला. "आता विचारलं तर चालेल?"

"आता चालेल."

खुर्च्या सरकल्या. "माझं बारा," ती म्हणाली. "नऊ," प्रशील म्हणाला, "तू पाया चुकीचा घेतला." "पाया तोच आहे, तू बघ." दोन डोकी टेबलाच्या मधोमध आली. मी चष्मा पुसला. मग मागचं पान उलटं करून, खाडाखोडीसकट, त्यांच्यापुढे सरकवलं.

"माझं पंधरा आलंय," मी म्हटलं. "बघा बरं, कुठे चुकलं."