घशात काहीतरी अडकलंय

ठिपकी तशी गरीब गाय. गोठ्यात सगळ्यांत शेवटी पाणी पिणारी, दुसरीने ढुशी दिली तर मुकाट बाजूला होणारी. त्यामुळे भरदुपारी तिने हंबरायला सुरुवात केली तेव्हा काकूंना वाटलं, शेजारच्यांची एखादी कुंपण ओलांडून आत आली. आवाज ओळखीचाच नव्हता. सुरुवात गाईसारखी व्हायची आणि मधेच तो तुटायचा, घोगरा व्हायचा आणि तसाच फरफटत लांब जायचा. एकदा सुरू झाल्यावर थांबायचं नाव नाही.

"माजावर आलीय," काकूंनी स्वयंपाकघरातूनच निकाल दिला.

त्यांचे यजमान चिमटेराव दारात बसून गमबूट काढत होते. "ही? हिचे दिवस तरी झालेत का?"

"दिवसांचं काय घेऊन बसलात! जन्मभर खाली मान घालून राहिली. कधीतरी तिलाही माज येणारच की."

दोन दिवसांसाठी आलेली लेक हे ऐकून खो खो हसली. बापलेक एका पक्षात आणि काकू दुसऱ्यात, असा त्या घराचा जुना रिवाज होता. पण त्या दिवशी तिघंही हसली आणि गाय हंबरत राहिली.

चिमटेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आसपासच्या कुठल्याही गोठ्यात गाईच्या घशात बटाटा किंवा गाजराचा तुकडा अडकला की पहिलं बोलावणं यांना यायचं. बाही दंडापर्यंत गुंडाळायची, डाव्या हाताने जीभ बाजूला ओढून धरायची आणि उजवा हात कोपरापर्यंत आत. अवजार नाही, काही नाही. हात बाहेर यायचा तो अडकलेली वस्तू घेऊनच. लोकांनी कौतुकाने चिमटा म्हणायला सुरुवात केली, वय झालं तसा मागे राव लागला. यांना त्याचा भारी अभिमान. काकूंना मात्र वैताग, कारण कोणी हाक मारली की हा माणूस भरल्या ताटावरून उठायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी कृत्रिम रेतन करणाऱ्याला बोलावलं. त्याने हातमोजा चढवला, गाय तपासली आणि हात बाहेर काढला.

"माजावर नाहीये ही. आत सगळं शांत आहे."

"मग ओरडते कशाला?" काकूंनी विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार. पण खरं सांगू का काकू, हिच्याजवळ उभं राहायला मला बरं वाटत नाहीये." त्याने नळाखाली साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले आणि चहासाठीसुद्धा न थांबता निघून गेला. एरवी दोन कप घेतल्याशिवाय हलणारा प्राणी नव्हता तो.

तो गेल्यावर काकू शेण ओढायला गोठ्यात गेल्या आणि मग त्यांच्या लक्षात यायला लागलं. ठिपकीच्या पुढ्यातला चारा कालचाच होता. ती चाऱ्याकडे बघतच नव्हती, काकूंकडे बघत होती. गाय माणसाकडे बघते ती हातातल्या बादलीकडे, फार तर चालत्या पायांकडे. ही सरळ तोंडाकडे बघत होती. काकू डावीकडे सरकल्या, तिची मान डावीकडे. पत्र्यावर कुठूनसं एक सुकं पान पडलं, तर तिचे दोन्ही कान आणि दोन्ही डोळे त्या एवढ्याशा आवाजाकडे एकदम वळले आणि परत काकूंवर आले.

"काय गं बाई?" काकू म्हणाल्या. ठिपकीने मान लांब केली, तोंड उघडलं, पोट आत ओढलं. हंबरायचं सगळं झालं, पण आवाजच निघाला नाही. तोंड तसंच उघडं राहिलं आणि त्यातून लाळेची तार खाली लोंबली. शेजारची गाय दावं ताणून, जेवढं जाता येईल तेवढं पलीकडे सरकून उभी होती. पलीकडच्या सगळ्या जणी रवंथ थांबवून गप्प होत्या.

काकूंनी खराटा तिथेच टाकला. त्या भित्र्या नव्हत्या, पण भरदिवसा, स्वतःच्या गोठ्यात, त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

चिमटेरावांनी येऊन पाहिलं. ठिपकीने नाक पाण्यात बुडवलं होतं, पण पाणी काही कमी होत नव्हतं. लाळ गळत होती. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"अगं, घशात अडकलंय काहीतरी! गिळता येत नाही, म्हणून लाळ. काल बटाटे टाकले होते ना? तू पण ना, माज काय, रेतन काय..."

काकूंना हायसं वाटलं. बटाटा म्हणजे रोजचा मामला. त्या दुधाचे कॅन घेऊन संकलन केंद्रावर गेल्या. ठिपकीचं दूध आदल्या दिवशीच आटलं होतं, बाकीच्यांचं घालायचं होतं. परतल्या तेव्हा लेक पिशवी भरून बसची वाट बघत होती आणि चिमटेराव नळावर हात धूत होते.

"निघाला?"

"लागला होता बोटांना. निसटला. जाईल आपोआप खाली."

लेक जाताना जरा गप्प होती. "आई, डॉक्टरांना बोलावून घ्या," एवढंच म्हणाली.

डॉक्टर तिसऱ्या दिवशी सकाळी आले. एरवी फाटकातूनच हाक मारत थेट गाईच्या अंगाला हात लावणारा माणूस, पण त्या दिवशी गोठ्याच्या दारात आले आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. चिमटेराव आत निघाले तर त्यांनी दंडाला धरून मागे ओढलं. मग हाताची घडी घालून नुसते बघत राहिले. इतका वेळ, की काकूंना अवघडल्यासारखं झालं. बघणाऱ्या डॉक्टरांकडे ठिपकीही बघत होती.

डॉक्टरांनी खिशातल्या किल्ल्या हळूच वाजवल्या. कान आणि डोळे, एकदम. एक टाळी वाजवली. गाय सबंध अंगाने दचकली.

"शेपूट बघा," ते हळू आवाजात म्हणाले. "माश्या बसल्यात, पण हलत नाही. मागचे पाय बघा, टेकताना खूर दुमडतोय. आवाज कधी बदलला?"

"परवा दुपारी. आम्हाला वाटलं, माज..."

"वाटतं तसं. बऱ्याच जणांना वाटतं. मधे कधी काही चावलं होतं हिला?"

काकूंना नाकपुडीवरचा ओरखडा आठवला. महिना होऊन गेला असेल, चरून आली तेव्हा रक्त होतं. कुंपणाची तार लागली म्हणून त्यांनी हळद दाबली आणि विसरून गेल्या होत्या.

"तार नसणार ती," डॉक्टर म्हणाले. "काहीतरी पिसाळलेलं चावलंय. प्रयोगशाळेतून नक्की कळेल, पण आपण रेबीज समजूनच चालायचं."

"पिसाळलेली असती तर धावून आली असती," चिमटेराव म्हणाले.

"सगळी धावून येत नाहीत. काही नुसती बघत उभी राहतात." डॉक्टर त्यांच्याकडे वळले. "हिच्या तोंडात हात कोणी घातला?"

"मी."

"अजून कोणी?"

"कोणी नाही." उत्तर फार लवकर आलं. काकूंना ते जाणवलं, पण तेव्हा त्यांचं सगळं लक्ष नवऱ्याच्या मनगटाकडे होतं. तिथे दाताने सालटं निघालं होतं.

"आजच्या आज दवाखान्यात जा आणि इंजेक्शनं सुरू करा. हा आजार डोकं वर काढायला काही आठवडे तरी घेतो, तेवढ्यात लस पुढे निघून जाते. वेळ आहे, घाबरू नका. पण एकदा का लक्षणं दिसली, की मग कोणाच्याच हातात काही राहत नाही."

"डॉक्टर, घशात अडकलंय हो तिच्या. माझ्या बोटांना लागलंय."

"तिचा घसाच लुळा पडलाय, तिला गिळता येत नाही. बोटांना लागलं ते तिचंच मांस होतं."

बाकीच्या गाईंना दुसरीकडे हलवायला आणि ठिपकीचं पुढचं बघायला माणसं घेऊन दुपारी येतो, तोवर आत कोणी पाऊल टाकायचं नाही, असं बजावून ते गेले. काकूंनी गोठ्याचं दार लावलं, कडी घातली. आत आवाज तुटला, फरफटला, थांबला.

त्या घरात आल्या, कपाटातून नवऱ्याचा धुतलेला शर्ट काढला, पाकीट काढलं. चिमटेराव खाटेवर बसले होते, ते हलेनात.

"उठा. बस चुकेल."

"अडकलंय गं."

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"डॉक्टरांनी हात घातला का आत? बाहेर उभं राहून किल्ल्या वाजवल्या. मी हात घातलाय. इतकी वर्षं घालतोय. बटाटा आहे."

काकूंचा पारा चढला. या माणसाचा हेका त्यांना नवा नव्हता, पण आज त्यांना त्याची भीती वाटली. त्या रागावल्या, रडल्या, हात जोडले. तो आपला जमिनीकडे बघत "बटाटा आहे, बटाटा आहे" म्हणत राहिला. आणि मग एकदम उठून बाही गुंडाळत गोठ्याकडे चालायला लागला.

"कुठे निघालात?"

"काढून दाखवतो. बटाटा बाहेर आला की संपलं सगळं."

काकू धावल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. पाठीमागे, फळीच्या पलीकडे, श्वास ऐकू येत होता. ठिपकीचं दावं तुटलं होतं की ती दाव्यासकट इथवर आली होती, कोण जाणे. अगदी दाराला नाक लावून ती उभी होती. फळीच्या फटीतून लाळेचा ओघळ उंबऱ्यावर आला. काकूंनी पाय मागे घेतला, पण दार सोडलं नाही.

"तुमच्या हाताची अब्रू एवढी मोठी झाली का हो? माझ्यापेक्षा? पोरीपेक्षा?"

"हाताचं काय घेऊन बसलीस!" ते ओरडले. त्या आवाजासरशी दारामागचा श्वास थांबला, तीही ऐकत होती. "जळो तो हात! मी मेलो तर मेलो. पण बटाटाच असला पाहिजे गं. बटाटाच पाहिजे."

"का?"

ते मटकन खाली बसले. बाही अजून दंडावरच होती.

"माझा हात आता जाड झालाय. आतपर्यंत पोचेना. निसटत होतं." त्यांनी काकूंकडे वर पाहिलं. "ती म्हणाली, बाबा, माझा हात बारीक आहे, मी बघते. मी जीभ धरून ठेवली."

काकूंना कोण म्हणून विचारावं लागलं नाही. लेक शिवणकाम करायची. बोटांची टोकं सुयांनी टोचून टोचून कायम चाळणी झालेली असायची. परवा गप्पा मारतानाही ती मधेच बोट तोंडात घालून रक्त चोखत होती.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

"बोललो असतो तर खरं झालं असतं."

काकूंना त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच वेळी त्यांचं डोकं पोटाशी धरावंसंही वाटलं. यातलं काहीच न करता त्या घरात धावल्या. काय सांगायचं ते मनात पक्कं होतं. साबणाने हात धू, धूतच राहा, शिवायचं ठेव बाजूला, रिक्षा कर, दवाखान्यात जा, गाईच्या तोंडात हात घातला होता म्हणून सांग, आजच. घाबरू नकोस, वेळ आहे. डॉक्टरच म्हणाले, आठवडे लागतात. कालचीच तर गोष्ट आहे.

त्यांनी फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. चिमटेराव दारात येऊन उभे राहिले, त्यांनी शर्ट अंगात घातला होता आणि बटणं चुकीच्या काजांत गेली होती. गोठ्यातून काहीच ऐकू येत नव्हतं. तोंड उघडं असणार, काकूंना वाटलं, पोट आत गेलेलं असणार, आवाज तेवढा निघत नसणार.

"हॅलो?" लेकीने फोन उचलला. "आई?"

काकूंनी बोलायला तोंड उघडलं. पण त्या बोलल्या नाहीत. ते 'आई' त्यांनी कान देऊन ऐकलं होतं. सुरुवातीचा भाग ऐकला होता, आणि शेवटचा, आणि मधला, जिथे आवाज जरासा चिरकला. एका दिवसात काही होत नाही हे त्यांना माहीत होतं. अगदी नक्की माहीत होतं. तरी त्यांनी श्वास रोखून धरला आणि फोन कानावर आणखी घट्ट दाबला.

"आई, ऐकू येतंय का? बसमध्ये वारा लागला गं, घसा बसलाय जरा. ठिपकी कशी आहे? बाबांनी काढला का बटाटा?" पलीकडे लेक थांबली. "बोल ना. अशी नुसती ऐकत काय बसलीस?"