चिडांमधलं अंतर

१९२९ साली घाटमाथ्यावरच्या वलवण गावाच्या वरचा एक उतार पुण्याच्या श्रीपादराव वकिलांनी विकत घेतला. त्यांना तिथं इमारती लाकडासाठी चिडाचं, म्हणजे पाइनच्या झाडांचं, बन हवं होतं. लागवडीचं काम त्यांनी तळेगावच्या त्र्यंबक लिमयांकडे सोपवलं. त्र्यंबक शेतकी शिकलेला, मोजकं बोलणारा माणूस.

“चार-चार फुटांवर लावा,” वकील म्हणाले. “दाटीत झाड सरळ वाढतं.”

“सरळ वाढेल, पण जाड होणार नाही.”

“आधी वाढू तर द्या.”

वरचा निम्मा उतार त्र्यंबकनं सांगितल्याप्रमाणे लावला. खालच्या अंगाला आल्यावर खड्डे खणणारी मुक्ताबाई थांबली. तिची म्हैस याच उतारावरच्या गवतावर जगत होती.

“दादा, हितंबी येवढी दाटी केली, तर आमी वैरण कुटनं आनायची?”

त्र्यंबकला आपलंच म्हणणं खरं करून पाहायचं होतं. तिच्या प्रश्नानं निमित्त मिळालं. खालची रोपं त्यानं कुणाला न विचारता दहा फुटांवर लावली. दिवाळीत वकिलांनी ते पाहिलं आणि त्याला कामावरून काढलं. तो घोरावाडीजवळ मुलांना शिकवू लागला.

आठ-नऊ वर्षांनी वकिलांनी त्याला पुन्हा बोलावलं. वरची झाडं उंच, सरळ, पण मनगटाएवढीच. खालची मांडीएवढी जाड झालेली, मात्र बुडापासून फांद्या आणि खोडभर गाठी. सुताराला दोन्ही नको होती.

“दोघंही चुकलो म्हणायचं,” वकील म्हणाले. “आता काय करायचं?”

“वरची विरळ करू.”

त्र्यंबकनं एका उन्हाळ्यातच एकाआड एक झाड तोडवलं. आषाढात घाटाकडून वारा सुटला, तेव्हा शेजारचा आधार गेलेली ती बारीक झाडं एकमेकांवर आडवी झाली. खालची हलली, पण उभी राहिली.

त्र्यंबक स्वतःहून पुण्याला वकिलांकडे गेला.

“थोडी थोडी करून, दोन-तीन वर्षांत तोडायला हवी होती. घाई माझी झाली.”

वकिलांनी समोरचे कागद बाजूला सारले. त्याला वाटलं, आता उठायला सांगतील.

“या खेपेला किती फुटांवर?” त्यांनी विचारलं.

“सात.”

पुढच्या पावसाळ्यात वरचा उतार पुन्हा लावायला घेतला. खड्डे खणायला मुक्ताबाई आली. केस पिकले होते, म्हैस दुसरी होती.

“मधी गवत ऱ्हाईल का?”

“चार-पाच वर्षं राहील. मग सावली धरेल.”

“तवर कापून घिऊ,” ती म्हणाली आणि पुढच्या खड्ड्याकडे वळली.