आधी माझी झडती

मी एक जुना पितळी बिल्ला आहे. मित्रांनो, जुना म्हटलं म्हणून नाक मुरडू नका! करवीर दरबारच्या पोलिसाच्या छातीवर मी बावीस वर्षं मिरवलो आहे.

कोल्हापुरातल्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं, माझ्यावर 'करवीर' अशी अक्षरं कोरली आणि मी मीरासाब शिपायांच्या छातीवरच्या पट्ट्यावर चढलो. ते मला रोज सकाळी चिंचेने लखलखीत घासायचे. बाजारात मी दिसलो की गर्दी आपोआप बाजूला सरायची. मला वाटे, सगळी ताकद माझीच! ही माझी घमेंड कोडोली गावात उतरली.

कोडोलीत धोंडुबाई नावाची विधवा राहायची. तिच्या घरावर तिचा दीर गुंडू याचा डोळा होता. त्याने फिर्याद दिली, "माझ्या बायकोची सोन्याची माळ वैनीनं चोरली." माळ घरात सापडली असती तर धोंडुबाई तुरुंगात आणि घर गुंडूच्या घशात! झडतीचा हुकूम घेऊन आम्ही गेलो, तेव्हा ती बिचारी दारात उभी होती.

"चला की आत, शिपाईमामा! मी दावतो जागा," गुंडूने घाई केली.

"थांबा पावणं." मीरासाबांनी गावच्या दोन पंचांना उंबऱ्यापाशी बोलावलं. "आत जाणाऱ्यानं आधी आपली झडती द्यायची. न्हाय तर भायेरचा माल कुणी आत न्हेऊन ठिवला, तर कळायचं कसं? जोतीराम, पयली माझी घ्या."

त्यांनी मला काढून थोरल्या पंचांच्या, जोतीरामांच्या, तळहातावर ठेवलं आणि खिसे उलटे केले. चिमूटभर तंबाखू निघाली, बस्स. मित्रांनो, मला भारी राग आला. पोलिसाचीच झडती? काय ही शोभा!

मग गुंडूची पाळी आली. खिशात काही नाही, कमरेला काही नाही. जोतीरामांचा हात डोक्याकडे जाताच तो कडाडला, "पटक्याला हात? इज्जत हाय ती माझी!"

जोतीराम कचरले. चारचौघांत माणसाच्या पटक्याला हात घालणं म्हणजे त्याचं नाक कापणंच की!

मीरासाबांनी स्वतःचा पटका सोडला आणि सगळ्यांसमोर झटकला. "माझी बी इज्जतच हाय ही. आता तुमची बघू."

गुंडू मागे सरू लागला. जोतीरामांनी त्याचा पटका सोडला आणि सोन्याची माळ टपकन उंबऱ्याबाहेर पडली.

"हाणा त्येला!" लोक ओरडले.

"धरायचा हक्क मला हाय, हाणायचा न्हाय," मीरासाबांनी गुंडूचं मनगट पकडलं. "धोंडाक्का, जावा आत. घर तुमचंच हाय."

धोंडुबाई ढसाढसा रडली. मग तिने जोतीरामांच्या हातातून मला उचललं, पदराने पुसलं आणि मीरासाबांना परत दिलं. त्या दिवशी मी चिंचेशिवाय चमकलो!

मीरासाब नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा दरबाराने मला त्यांच्यापाशीच राहू दिलं. आता मी त्यांच्या नातीच्या, सलमाच्या, पेटीत पडून आहे. अंगावर हिरवट थर चढला आहे. मित्रांनो, मला घासलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्यापैकी कुणाच्या छातीवर उद्या नवा बिल्ला चढला, तर दुसऱ्याच्या उंबऱ्यात पाऊल टाकण्याआधी त्याने आपले खिसे उलटे करून दाखवावेत.