डाव्या नाकपुडीचा वास

अडुसष्ट साल. त्या वर्षीची थंडी नुसती कोरडी होती. ओठ फुटायचे, टाचा फाटायच्या, आणि गादीवाल्यांच्या कारखान्यात पिंजलेल्या कापसाची धूळ हवेत लोंबकळत राहायची, खाली बसायचं नाव घ्यायची नाही. त्याच हिवाळ्यात गादीवाल्यांची सून नवऱ्याला सोडून माहेरी जायला निघाली होती, आणि कारण काय, तर त्याच्या नाकाला येणारी घाण.

लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. तिला मुळातच किळस फार. माहेरी ती दुसऱ्याच्या पेल्यातून पाणीसुद्धा पीत नसे. आणि सासरी वाट्याला काम आलं ते जुन्या गाद्या उसवायचं. लोक गाद्या पुन्हा पिंजायला आणून टाकत. त्यात काय नसे? घाम, डोक्याचं तेल, पोरांचं मूत, आजारी म्हाताऱ्यांचे डाग, एकदा तर उंदराचं घरटं पिल्लांसकट. खोळीचा टाका तोडला की आतून भपकारा यायचा. तोंडाला फडकं बांधून ती उसवायची, मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात घासायची आणि जेवताना पुन्हा ते हुंगायची.

"नाक मुरडून मुरडून एक दिवस तसंच राहील हो, सूनबाई," सासूबाई म्हणायच्या.

नवरा पिंजायचा. धनुकली खांद्याला लावून दिवसभर त्या पांढऱ्या धुरळ्यात. माणूस गरीब स्वभावाचा, बोलायला गोड, पण धुळीनं त्याच्या नाकात खपल्या धरत आणि तो बसल्या बसल्या त्या नखानं काढी.

"अहो, निदान माणसांत तरी नको."

"सवय आहे गं. हात आपोआप जातो."

एका सकाळी असाच हात गेला आणि नाकातून रक्ताची धारच लागली. पिंजलेल्या ढिगावर आधी थेंब पडले, मग ओघळ. मामंजी धावत आले. त्यांच्या घराण्यात नाक फुटलं की काय करायचं ते ठरलेलं होतं. माणसाला उताणं पाडायचं, मान मागे टाकायची आणि नाकात कापूस. मामंजींचा कापसावर भारी विश्वास. कान दुखला, घाल कापूस. दाढ दुखली, घाल कापूस. खिडकी वाजते, फटीत कापूस.

"कापसानं आजवर कुणाचं वाईट केलेलं नाही," असं म्हणत त्यांनी हाताशी होता तोच कापूस दोन्ही नाकपुड्यांत कोंबला. तो भिजला तसा त्याच्यावर आणखी एक बोळा दडपला.

बाहेरून वाहणारं बंद झालं, पण आतून घशात उतरत राहिलं. नवरा ते निमूटपणे गिळत पडला. थोड्या वेळानं उठून बसला आणि तिनं नुकत्याच शिवलेल्या कोऱ्या खोळीवर काळ्या गुठळ्या ओकला.

"पोटात फुटलं काहीतरी," सासूबाई मटकन खाली बसल्या.

ती कोपऱ्यात उभी होती. नवऱ्याला धरायला पुढे व्हावं हे तिला कळत होतं, पण पाय उचलत नव्हता. संध्याकाळी मामंजींनी बोळे ओढून काढले, बादलीत टाकले आणि म्हणाले, "झालं. उगाच डॉक्टरच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या?"

पुढच्याच आठवड्यात वास सुरू झाला.

आधी तिला वाटलं, ट्रंकेमागे काहीतरी मेलंय. तिनं ट्रंक हलवली, पलंग ओढला, फरशी धुतली. मग लक्षात आलं की नवरा बाहेर गेला की वास जातो आणि घरात आला की येतो. त्याच्या उशीवर पिवळट, चिकट डाग पडू लागले. त्याला स्वतःला पत्ता नव्हता. दिवस गेले तशी घाण वाढली. गिऱ्हाईक दाराशी उभं राहूनच बोलायचं. मामंजींनी वाफारे दिले, तेल सोडलं, उपयोग शून्य. शेजारीण तर भिंतीवरून म्हणाली, "नाक सडतं ना, तो रोग घरात होत नाही, बाहेरून आणावा लागतो."

"माझा मुलगा लग्नाआधी धडधाकट होता," सासूबाईंनी तिकडेच उत्तर दिलं, पण बघितलं सुनेकडे.

नवऱ्याला अखेर उमगलं. तो ताट उचलून मागच्या पायरीवर जाऊन बसू लागला, घराकडे पाठ करून. तिला त्याची कीव यायची, पण कीव यायच्या आधी ओकारी यायची. ती शिवणाच्या खोलीत झोपू लागली. शेवटी तिनं भावाला निरोप धाडला, येऊन घेऊन जा. कायमचं, हे शब्द तिनं घातले नाहीत, पण भावाला ते कळणार होतं.

नवऱ्यालाही कळलं. "जा तू," तो लांब उभा राहून, नाकावर रुमाल धरून म्हणाला. "तुझ्या जागी मी असतो तर कधीच गेलो असतो."

तो भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

भाऊ दुसऱ्या दिवशी यायचा होता. हातातलं काम अर्धवट टाकून गेली असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिनं उरलेली गादी उसवायला घेतली. कुणाच्या तरी तळघरात पावसाळाभर भिजत पडलेली गादी होती ती, वरून वाळलेली. तिनं पहिला टाका तोडला, दुसरा तोडला आणि हात थांबला. हाच वास. त्याच्यासारखा नव्हे, तोच. भिजलेला आणि वारा न लागता कुजलेला कापूस.

कात्री टाकून ती मागच्या पायरीवर गेली.

"अहो, वर बघा. डावी नाकपुडी दाबा. आता नाकानं श्वास सोडा."

"लांब हो गं, कशाला उगाच..."

"सोडा म्हणते ना."

तिनं आपलं नाक त्याच्या नाकाशी नेलं. उजवीकडून फक्त धुळीचा वास आला. मग तिनं त्याला उजवी दाबायला लावली. डावीतून हवा धड येईचना, आणि जी आली ती घेऊन ती धावत मोरीवर गेली आणि सकाळचं सगळं ओकून आली. तोंड पुसत तिनं मामंजींना गाठलं.

"मामंजी, त्या दिवशी डावीकडचे सगळे बोळे निघाले होते का?"

"बोळे काय मोजून घालतात?"

तिनं चपला घातल्या आणि नवऱ्यालाही घालायला लावल्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई उंच, करड्या आवाजाच्या. त्यांनी कपाळावरचा आरसा खाली ओढला, आत पाहिलं आणि एक तसराळं तिच्या हातात दिलं. "हे धरा. चक्कर येणार असेल तर आत्ताच सांगा, दोघांना उचलायला माझ्याकडे माणसं नाहीत."

लांब चिमट्यानं त्यांनी जे ओढून काढलं ते अंगठ्याच्या पेराएवढं, हिरवट-काळं, लिबलिबीत होतं. तसराळ्यात ते पच्च करून पडलं. कंपाउंडरनं न सांगता खिडकी उघडली. तिनं तोंड वळवलं, पण तसराळं धरून ठेवलं.

मागोमाग नाकातून ताजं रक्त आलं. नवऱ्यानं सवयीनं मान मागे टाकली.

"मागे नाही, पुढे वाका," बाई ओरडल्या. "गिळलं की पोटात जातं आणि पोट ते परत पाठवतं. तोंडात आलं तर थुंका." मग तिच्याकडे वळून, "तुम्ही धरा नाक. वर हाड लागतं तिथं नाही. खाली मऊ आहे तिथं, दोन्ही बाजूंनी, घट्ट. दहा मिनिटं सोडायचं नाही, थांबलं का म्हणून मधेच बघायचंही नाही."

"मी?"

"बायको तुम्हीच ना?"

तिनं धरलं. ओलं, गरम, निसरडं. तो तोंडानं श्वास घेत होता आणि तो श्वास तिच्या मनगटावर येत होता. तिनं बोटं आणखी घट्ट केली. हात धूत डॉक्टरीणबाई सांगत राहिल्या. कोरडी हवा, धूळ आणि नखं, बहुतेकांचं नाक एवढ्यानंच फुटतं. रक्त येतं ते दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावरून, पुढच्या बाजूनं, म्हणून दाबलं की थांबतं. आत काही कोंबायचं नाही. तोंडावर ओलं फडकं बांधून पिंजायचं, नाकात मलमाचं बोट फिरवायचं, नखं कापायची. अर्धा तास दाबूनही थांबलं नाही किंवा डोक्याला मार लागून आलं, तर मात्र तडक दवाखाना.

वेळ झाल्यावर तिनं बोटं सैल केली. रक्त थांबलं होतं. नवऱ्यानं खोल श्वास घेतला आणि चेहरा वाकडा केला. "काय घाण वास येतोय इथं," तो म्हणाला. कंपाउंडर हसत बाहेर गेला.

तिनं ते ध्यान कागदात बांधून आणलं आणि मामंजींपुढे उघडलं. सासूबाई उठून आत गेल्या. मामंजींनी काडीनं ते उलटंपालटं केलं, एक तंतू ओढून पाहिला.

"लांब धाग्याचा कापूस आहे," ते हळूच म्हणाले. "आपलाच." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सकाळी भाऊ आला, दोन रिकाम्या पिशव्या घेऊन. "चल, आवर."

"चहा घे आधी," ती म्हणाली. चहा झाल्यावर तिनं सगळ्यांदेखत नवऱ्याला विचारलं, "नखं कापणार? फडकं बांधणार? आणि हात नाकाकडे गेला की मी सांगणार, चारचौघांत सांगणार. चालेल?"

"बांधीन," तो म्हणाला. "नखं तूच काप, माझा भरवसा नाही."

"मग दादा, पिशव्या राहू देत," ती म्हणाली. "तू जेवून जा."

मामंजी पुढं नऊ वर्षं जगले. कुणाचं नाक फुटलं की ते सुनेला हाक मारत आणि स्वतः हात मागे बांधून उभे राहत. सासूबाई त्यांच्यानंतर थोड्याच महिन्यांनी गेल्या. शेजारणीशी त्या शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंची बदली झाली, पुढे कुठे गेल्या ते कळलं नाही. भावानं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान काढलं आणि ते बरं चाललं. नवऱ्यानं पिंजायचं यंत्र घेतलं, दोन मुली शिकवल्या, आणि सत्तराव्या वर्षी हृदयविकारानं गेला. ती आता धाकटीकडे असते. नातवंडांनी तिच्या पेल्यातून पाणी प्यायलं तर आजही ती पेला विसळून घेते.