शिवम्माची आवडती फिल्म

मी एक जुनी फिल्म आहे, मित्रांनो. पत्र्याच्या डब्यांत गुंडाळलेली एक प्रेमकथा. माझी पट्टी ज्या मालाची बनली आहे तो सुरुंगाच्या दारूचा भाऊबंद, हे मात्र जाहिरातीत कोणी छापत नाही.

माझी नायिका शेवटी नायकाला सोडून नदीपलीकडे जाते. लोकांना ते रुचलं नाही. नव्याचे नऊ दिवससुद्धा माझ्या वाट्याला आले नाहीत. मला सोलापूरच्या एका गोदामात टाकलं आणि सगळे विसरले. तापलेल्या पत्र्याखाली मी चिकट झाले, आंबूस वास मारू लागले. त्या वासाचा अर्थ मला कळत होता: मी सडत होते, आणि सडलेली फिल्म जराशा आंचेनेही भडकते.

विसरली नव्हती ती एकटी शिवम्मा. तिचा नवरा बंडप्पा उमरग्याकडे तंबूतला सिनेमा चालवायचा. नवी नवरी असताना तिने मला पाहिलं होतं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी तिने हट्टच धरला, म्हणून बंडप्पाने मला शोधून मुरुमच्या जत्रेत आणलं.

डबा उघडताच त्याने नाक मुरडलं.

"लई वास मारतंय गं हे. दुसरं लावू का?"

"जुनं हाय, वास यायचाच. आन् ती नदीकाठी मागं वळून बघती न्हाय का, तितं जरा थांबवा. डोळं भरून बघू द्या मला."

बायकोपुढे भल्याभल्यांचं चालत नाही. तो हसून 'बरं' म्हणाला. मी घाबरले. पण मला बोलता येतं ते फक्त भोंग्यातून, आणि तेही दुसऱ्याने लिहिलेलं.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. बायकांच्या बाजूची कनात नेहमीप्रमाणे बाहेरून दोरांनी आवळलेली होती. फुकटे आत घुसतात म्हणून सगळेच तंबूवाले तसं करत. शिवम्मा आत बसली होती.

फिल्म चालती असली की दिव्याची आंच तिला क्षणभरच लागते. थांबली, तर एक झडप पडून उजेड अडवते. नदीकाठ आला. बंडप्पाने यंत्र थांबवलं आणि चेहरा दिसत राहावा म्हणून झडप बोटाने वर धरली.

नायिकेच्या गालावर तपकिरी डाग उठला, पसरत गेला. लोकांना ती करामत वाटली. टाळ्या पडल्या.

"आग! पळा, भाईर पळा!"

बंडप्पा ओरडला. त्याने मला तशीच जळू दिली आणि तो कनातीकडे धावला. गाठी सुटेनात, तेव्हा पानाच्या अडकित्त्याने त्याने दोर तोडले. बायका बाहेर पडल्या. शिवम्मा सर्वांत शेवटी आली आणि त्याचे भाजलेले हात धरून रडली. त्याने मला सोडून माणसं वाचवली, याचा मला आनंदच आहे.

तंबू जळाला. माझे बाकीचे डबे बाहेर बैलगाडीत होते, ते तेवढे उरले.

"गाडून टाकू का?" बंडप्पाने विचारलं.

"दिव्यानं जाळ लागला, तिचा काय गुन्हा? माझी आवडीची हाय ती."

त्यालाही ते पटलं. आता मी उमरग्यात शिवम्माच्या खाटेखाली आहे. ती रोज डबे पदराने पुसते. वर पत्रा तापतो, कोनाड्यात रॉकेलची चिमणी जळते आणि डब्यांतला वास वाढतो आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण कोणती वस्तू कुठे जपावी, हेही शिकून घ्या. आणि उमरग्याला गेलात तर शिवम्माला माझा निरोप द्या. म्हणावं, खरंच माया असेल तर मला घराबाहेर काढ, बाई. आजच काढ.