झालं का?

डबा ठणकन टेबलावर आदळला, तशी सबस्टेशनच्या कंट्रोलरूममधल्या सुनेनं मान वर केली.

"आई, पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे या. तिथं नका उभ्या राहू."

सासूनं खाली पाहिलं. पॅनेलच्या पुढ्यात जमिनीवर पट्टा ओढलेला होता आणि तिची एक चप्पल त्याच्या पलीकडे गेली होती.

"माझ्या स्वयंपाकघरात मी तुला कधी रेघ आखून दिली नाही," ती म्हणाली आणि चप्पल मागे घेतली. तीही सावकाश, आपल्या मर्जीनं.

पॅनेल म्हणजे ओळीनं उभी चार लोखंडी कपाटं. तिसऱ्याच्या खटक्याला कुलूप होतं आणि कुलपाला लाल पाटी: माणसं लाइनवर आहेत. किल्ली सुनेच्या खिशात. सकाळी नऊला मुलानं याच टेबलावर लाइन बंद ठेवण्याच्या परमिटचा कागद भरला होता, सही केली होती आणि खांबावरचा तडकलेला इन्सुलेटर बदलायला दोन माणसं घेऊन निघून गेला होता. नवऱ्याची सही घेऊन त्याला कामावर धाडणारी बायको सासूनं जन्मात पाहिली नव्हती.

टेबलावरचा फोन वाजला. वीज कधी येणार, बर्फाच्या कारखान्यातून विचारत होते.

"नाही, अजून काम चालू आहे," सून म्हणाली. "हो, बर्फ वितळतो हे कळतं मला."

तिनं फोन ठेवला तोच तो परत वाजला. चौथ्या वेळी सासूचा संयम संपला. नवऱ्याचं काम सरलं की नाही एवढं विचारायला हिला कागद लागतो! तिनं पदराच्या गाठीतून आपला मोबाइल काढला आणि रोज साडेबाराला करायची तसाच मुलाला फोन लावला.

"झालं का रे?"

"झालं, आई. तुझं?"

तिनं पुढचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि फोन बंद केला.

"झालं म्हणतोय. उघड ते कुलूप."

"परमिट त्यांनी घेतलंय, त्यांनीच आणून द्यायचं. कागद हातात आल्याशिवाय नाही उघडणार."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं म्हणाले का मी?"

"तोंडानं नाही म्हणालीस. माझ्या पोटचा पोरगा मला सांगतो, ते खोटं नि तुझा कागद खरा!"

तेवढ्यात पुन्हा फोन. या वेळी साहेब होते. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. सुनेचा हात पोचायच्या आत सासूनं फोनवर झडप घातली होती.

"काम झालंय, साहेब. मुलगा स्वतः बोललाय माझ्याशी. तुमची बाईच अडून बसलीय."

सुनेनं फोन तिच्या हातातून काढून घेतला. 

"साहेब, परमिट परत आलेलं नाही. तरी लाइन चालू करायला सांगताय का? सांगा. तुमच्या नावानिशी, वेळ घालून वहीत लिहिते."

 पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

सासू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली, भिंतीकडे तोंड करून. डब्याला कुणी हात लावला नाही. तास गेला, वर आणखी अर्धा. बाहेर जीप थांबली आणि मुलगा आत आला. शर्ट पाठीला चिकटलेला, कोपराला खरचटलेलं. त्यानं घडी केलेला कागद टेबलावर पसरला.

"तिघं खाली. तारेवरचे अर्थिंगचे रॉड काढले. घे परत."

सुनेनं घड्याळ पाहिलं, वेळ लिहिली आणि त्याची सही घेतली.

"मोठा आलास कागद घेऊन!" सासू स्टुलावरूनच कडाडली. "साडेबाराला झालं म्हणालास, नि आता उजाडलं?"

"जेवण झालं म्हणालो," मुलगा हसला. "रोज तेच तर विचारतेस. तुझा फोन ठेवला, हात धुतले नि चढलो वर. खरं काम तर त्याच्या पुढंच."

सुनेनं त्याच्याकडे पाहिलं नाही आणि सासूकडेही नाही. ती तिसऱ्या कपाटापाशी गेली. पाटी उतरवली, कुलूप काढलं, खटका फिरवला. आत धाडकन आवाज झाला. तबकडीतला काटा हलला आणि वर जाऊन स्थिर राहिला.

"आई, चेहरा का असा?" मुलानं विचारलं.

"उकडतंय," सासू म्हणाली.

तो कोपर धुवायला बाहेर गेला. सासू उठली. टेबलावरचा डबा तिनं उचलला, पिवळ्या पट्ट्यापर्यंत आली आणि थांबली. दोन्ही चपला अलीकडे होत्या. सून पट्ट्यापलीकडे पाठमोरी उभी राहून वहीत काहीतरी लिहीत होती.

"झालं..." सासूनं सुरुवात केली आणि शब्द मागे घेतला. मग तिनं पुन्हा विचारलं, एकेक शब्द वेगळा करून:

"तुझं जेवण झालं का?"

"नाही, आई."

"मग ये इकडे. मला तिकडे येता येत नाही."